सापाच्या पेटीतला दमट कोपरा

बॉल पायथनच्या पेटीत आर्द्रता किती टक्के हवी, या प्रश्नाला दुकानदार एक आकडा सांगतो, पुस्तक दुसरा सांगते आणि जुना जाणता पाळणारा तिसराच. ५० ते ६०, ६० ते ७०, ७० ते ८० अशा तिन्ही शिफारशी छापील स्वरूपात सापडतात, आणि नवखा माणूस गोंधळून मधला आकडा धरून बसतो. मग रोजची कसरत सुरू होते. मापकाचा काटा खाली आला की फवारणी, वर गेला की झाकण उघडे. इतके करूनही साप कात टाकतो ती तुकड्यातुकड्यांनी, नाहीतर पोटाखालचे खवले तपकिरी पडू लागतात. दोष मेहनतीत नसतो, प्रश्नातच असतो. सगळ्या पेटीला मिळून एक आकडा राखण्याचा नाद सोडावा आणि एकाच पेटीत एक चांगली दमट, उबदार लपण व बाकी कोरडी जमीन अशी मांडणी करून निवड सापावर सोपवावी, असे माझे म्हणणे आहे. त्यामागची कारणे हवेच्या नियमांत आहेत, सापाच्या मूळ मुलखात आहेत आणि त्याच्या कातडीतही आहेत.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भारतातल्या रानांत सापडणारा साप, मग तो नाग असो, धामण असो की आपला अजगर, घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पकडलेला साप ‘चार दिवस ठेवून बघू’ म्हणणाऱ्या हौशी सर्पमित्रालाही यातून सूट नाही. बॉल पायथन आफ्रिकेतला. अजगरांचे हे कुळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि त्यानंतर आलेले २०२४ चे नियम यांमुळे अशा प्राण्याची नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. ज्याच्याजवळ नोंदणीचा कागद नाही त्याने आर्द्रतेची चिंता नंतर करावी. पुढचे सगळे लिहिणे नोंदणी केलेल्यांसाठी आहे, आणि ज्या देशांत हा साप रीतसर मिळतो तिथे राहणाऱ्या मराठी घरांसाठी.

आता हवेचा नियम. मापकावर दिसणारी टक्केवारी ही सापेक्ष आर्द्रता असते. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिचा किती हिस्सा प्रत्यक्षात आहे, एवढेच ती सांगते. हवा जितकी ऊन तितकी तिची घागर मोठी. २५ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते, ३२ अंशांच्या हवेत जवळजवळ ३४ ग्रॅम. म्हणजे पेटीच्या थंड टोकाला २५ अंशांवर ८० टक्के दाखवणारी हवा जशीच्या तशी गरम टोकाला गेली, तर तिथला मापक ५४ टक्के दाखवील. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसेल. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश असा उतार ठेवावाच लागतो. तेव्हा ‘पेटीत ६० टक्के आहे’ या वाक्यात मापक कुठे लावला आहे हे सांगितले नसेल, तर त्याला काही अर्थ उरत नाही. तीन जाणकारांचे तीन आकडे एकमेकांशी भांडत नसून पेटीच्या तीन ठिकाणांबद्दल बोलत असण्याचा संभव पुष्कळ आहे. याच नियमाची रात्रीची बाजू जास्त धोक्याची. २७ अंशांवर ८० टक्के आर्द्र असलेली हवा साधारण २३ अंशांपर्यंत निवली की तिला वाफ पेलवत नाही आणि काचेवर, भांड्यावर, सापाच्या अंगाखालच्या थंड फरशीवर दव धरते. संध्याकाळी सुरक्षित वाटलेला आकडा पहाटे ओल होऊन बसतो.

बॉल पायथनचा मुलूख पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, सेनेगलपासून युगांडापर्यंतचा गवताळ आणि विरळ झाडीचा पट्टा. त्यावर पहिला आक्षेप असा येतो: हा साप सवानातला, तिथे महिनोन्महिने पाऊस नसतो, हिवाळ्यात सहाराकडून हरमाटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा वाहतो, मग त्याला दमट हवा कशाला? आक्षेप हवामानखात्याच्या नोंदींपुरता खरा आहे. पण त्या नोंदी माणसाच्या उंचीवर, वाऱ्यावर घेतलेल्या असतात आणि साप तिथे राहत नाही. तो दिवस काढतो उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळव्यांच्या वारुळांत. तिथे मातीचा ओलावा असतो, हवा अडलेली असते आणि ऊनवाऱ्याचा शिरकाव नसतो. त्यामुळे बीळ बाहेरच्यापेक्षा पुष्कळ दमट राहते आणि दिवसभरात फारसे बदलत नाही. बाहेर पडण्याची त्याची वेळ रात्रीची. या प्राण्याला ओल किती महत्त्वाची आहे याचा एक सुंदर पुरावा त्याच्या अंड्यांत सापडतो. बॉल पायथनची मादी अंड्यांभोवती घट्ट वेटोळे घालून बसते. फाबिएन ओब्रे, रिचर्ड शाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले की मादी उठवली तर अंडी सुकतात आणि त्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरते. वेटोळ्याचे एक मोठे काम पाणी राखणे हेच निघाले. ज्या जातीच्या मादीला पाण्यासाठी इतका आटापिटा करावा लागतो, तिला ‘कोरड्या मुलखातला साप’ म्हणून काचेच्या कोरड्या पेटीत ठेवणे म्हणजे नकाशा वाचून बीळ विसरणे. उलट, ती दिवसरात्र दलदलीत राहते असेही नाही. बिळातून निघून कोरड्या गवतात हिंडणे हाही तिच्या आयुष्याचा भाग आहे. निसर्गात तिला दोन्ही मिळते, आणि कधी कोणते घ्यायचे हे तीच ठरवते.

सापाच्या अंगातले पाणी दोन वाटांनी हवेत जाते, श्वासातून आणि कातडीतून. कातडीला पाणी रोखून धरता येते ते खवल्यांमुळे, असा सर्वसाधारण समज. १९७२ साली लिक्ट आणि बेनेट यांनी जन्मतः खवलेच नसलेला एक गोफर साप तपासला, तर त्याच्या अंगातून उडणारे पाणी खवलेवाल्या भाऊबंदांपेक्षा काही वेगळे नव्हते. पुढे रॉबर्ट्स आणि लिलिव्हाइट यांनी १९८० मध्ये दाखवले की खरा बांध त्वचेच्या थरांमधल्या स्निग्ध पदार्थांचा आहे. हा बांध जन्मतः पुरा नसतो. कॅलिफोर्नियातल्या किंगस्नेकवरच्या २००२ च्या अभ्यासात जन्मानंतरची पहिली कात टाकल्यावर कातडीचा पाण्याला होणारा रोध सुमारे दुप्पट झालेला दिसला. पाळणाऱ्याला यातून दोन गोष्टी उचलता येतात. एक, नुकते अंड्यातून निघालेले पिल्लू मोठ्या सापापेक्षा लवकर सुकते, म्हणून त्याला मोठ्या, मोकळ्या, वारा खेळणाऱ्या पेटीत ठेवण्याची घाई करू नये. दुसरी, कात टाकणे हा या बांधाच्या डागडुजीचाच प्रसंग. जुन्या थराखाली नवा थर तयार होतो आणि दोहोंच्या मध्ये द्रव साठतो. डोळे निळसर-दुधी दिसतात ते त्यामुळे. डोळे पुन्हा निवळतात आणि मग काही दिवसांनी कात निघते. शरीरात आणि भोवतालच्या हवेत पाणी कमी असेल तर जुना थर ताठर होतो, फाटतो, तुकड्यांनी अंगाला चिकटून राहतो. शेपटीच्या टोकाला त्याची कडी अडकली आणि ती वरचेवर साचत गेली, तर रक्तपुरवठा तुटून टोक मरते.

इथे कोणी म्हणेल की साप उंदीर गिळतो, उंदरात पाणी भरपूर असते, तर हवेची एवढी काळजी का? अमेरिकेतल्या डायमंडबॅक रॅटलस्नेकवर मर्फी आणि डीनार्डो यांनी २०१९ मध्ये हेच तपासले, आणि जेवणाने तहान भागत नाही असा त्यांचा निष्कर्ष होता. भक्ष्य पचवायला आणि त्यातला नायट्रोजन बाहेर टाकायला पाणी लागते, त्यामुळे सुकलेल्या सापाला जेवण दिल्याने तो ओलावत नाही. म्हणून सुरकुतलेल्या कातडीच्या, डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण आत दबलेल्या सापाला आधी पाणी मिळू द्यावे, खायला नंतर. प्रामाणिकपणे सांगायचे तर उलट दिशेचाही पुरावा आहे. डीनार्डो यांच्याच प्रयोगशाळेतून आलेल्या कामात थोड्या काळाच्या निर्जलीकरणाने रॅटलस्नेकच्या उपजत प्रतिकारशक्तीची काही मापे वाढलेली आढळली. यावरून कोरडेपणा चांगला, असे कोणी ठरवू नये. वाळवंटातल्या सापाच्या अंगात कोरडा ऋतू निभावून नेण्याची सोय आहे आणि त्या ऋतूनंतर पाऊस येतो, इतकेच त्यातून दिसते. काचेच्या पेटीत पाऊस आणायची जबाबदारी आपली असते. हां, दोन दिवस मापक ४५ वर गेला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, एवढा दिलासा मात्र त्यातून जरूर घ्यावा.

सर्वांत जोरकस आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे: ओल इतकी महत्त्वाची तर सगळी पेटीच ८० टक्क्यांवर का ठेवू नये? कित्येक पाळणारे ठेवतात, आणि उत्तम कात मिळते असे सांगतात. त्यांचे खोटे नाही. दमट हवा स्वतः सापाला आजारी पाडत नाही. आजारी पाडतो तो ओला, घाणेरडा पृष्ठभाग, आणि त्यातही थंड पडलेला. पोटाखालचे खवले सतत ओल्या थरावर घासत राहिले, त्यात विष्ठा कुजत राहिली, की फोड येतात, खवल्यांच्या कडा तपकिरी-लाल होतात, जंतू आत शिरतात. पाळणारे याला ‘स्केल रॉट’ म्हणतात. तेव्हा हवा दमट आणि जमीन कोरडी हे साधता आले तर ८० टक्केही चालतात. अडचण अशी की घरगुती पेटीत सगळीकडे ८० टक्के राखायचे तर माणूस बहुधा दोनच गोष्टी करतो, सगळीकडे पाणी फवारतो आणि सगळी छिद्रे बुजवतो. हवा तुंबते, जमीन भिजते, रात्री दव धरते आणि सापाला पळायला कोरडी जागा उरत नाही. दमट लपणीच्या योजनेत चूक झाली तरी साप लपणीतून बाहेर येऊन ती सुधारू शकतो. सगळीकडे एकसारखे ठेवण्याच्या योजनेत माणसाची चूक सापाला चोवीस तास भोगावी लागते. श्वसनाच्या आजारांचे सगळे खापर ओलीवर फोडण्याची सवयही सोडायला हवी. बॉल पायथनमध्ये निडोव्हायरस सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अशा विषाणूंपुढे आर्द्रतेचा आकडा कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

निवड सापावर सोपवायची, तर ती खरी निवड हवी. बहुतेक पेट्या इथेच फसतात. दमट लपण थंड टोकाला आणि उबदार लपण गरम टोकाला, अशी मांडणी सर्रास दिसते. तीत सापाला उबेसाठी ओल सोडावी लागते आणि ओलीसाठी ऊब. लपण एकच असेल तर कोंडी आणखी वाढते, कारण बॉल पायथन भित्रा असतो, आणि उघड्यावर यावे लागू नये म्हणून नको त्या तापमानातही तासन्‌तास दबून बसतो. मग ‘साप स्वतः निवडतो’ हे म्हणणे पोकळ ठरते, आणि टीकाकारांचा हा मुद्दा मला मान्य आहे. उपाय मांडणीत आहे. दोन्ही टोकांना सारख्या आकाराच्या कोरड्या लपणी ठेवा आणि तिसरी, दमट लपण, मध्यापासून थोडी गरम बाजूला सरकवून अशी ठेवा की तिच्या आत २९-३० अंश मिळतील. लपण वेटोळ्याला चारी बाजूंनी टेकेल इतकीच मोठी असावी. तिच्यासाठी स्वयंपाकघरातला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा पुरतो. एका बाजूला सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा थोडे मोठे भोक पाडा आणि त्याची कड घासून अगदी गुळगुळीत करा. आत स्फॅग्नम मॉस भरा. ऑर्किडसाठी नर्सरीत मिळते ते चालते, मात्र त्यावर खत वा औषध मारलेले नसावे. मॉस भिजवून इतके पिळावे की पुन्हा मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी, आणि साप आत घाण करील तेव्हा लगेच, मॉस बदला व डबा गरम पाण्याने धुऊन घ्या. ही लपण फक्त डोळे निळे पडल्यावर ठेवावी असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही. डोळे निळे दिसतात तोवर आतले काम बरेच पुढे गेलेले असते, आणि कात टाकायच्या बेतात असलेला, नीट न दिसणारा साप नव्या डब्यात शिरायला बिचकतो. लपण बारमाही ठेवा.

बाकीच्या पेटीत ओल टिकवायची ती तळाच्या थरात, हवेत उडवून नव्हे. वर्तमानपत्र स्वच्छतेला सोपे, पण पाणी धरत नाही. ते आजारी किंवा नव्याने आणलेल्या सापापुरते ठीक. रोजच्यासाठी नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट यांचे मिश्रण आपल्याकडे स्वस्तात मिळते. कोकोपीटमध्ये मीठ राहिलेले असू शकते, म्हणून वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुवा. देवदार आणि पाइनचा भुसा टाळा, त्याच्या उग्र तेलांचा सापांना त्रास होतो. थर ८ ते १० सेंटिमीटर जाड करा आणि पाणी फवारण्याऐवजी कोपऱ्यांतून सावकाश ओता, म्हणजे ते तळाशी मुरते, वरची दोन बोटे कोरडी राहतात आणि खालून वाफ दिवसचे दिवस मिळत राहते. एक सावधगिरी मात्र अटळ: जाड थराखाली हीट मॅट ठेवू नका. उष्णता वर पोचत नाही आणि मॅट भलतीच तापते. ऊब वरून द्या, आणि कोणतेही तापवणारे साधन थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. वरचे झाकण जाळीचे असेल तर दिव्याने तापलेली हवा सरळ वर निघून जाते आणि पेटी धुराड्यासारखी कोरडी होते. जाळीचा साधारण दोन तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या पत्र्याने झाका, पण दिव्यापासून पुरेसे अंतर राखून. हवा पूर्ण अडवायची नाही. एका भिंतीत खाली आणि समोरच्या भिंतीत वर अशी थोडी छिद्रे पुरतात. पाण्याचे भांडे खोल असण्यापेक्षा पसरट असणे जास्त उपयोगाचे, कारण बाष्पीभवन पृष्ठभागातून होते. ते गरम बाजूला सरकवले तर ओल वाढते, पण त्यात जंतूही लवकर वाढतात. पाणी रोज बदलण्याची तयारी असेल तरच तसे करा.

फवारणीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. तिने मापकाचा काटा तासाभरापुरता उडी मारतो, ओला होतो तो नेमका पृष्ठभाग, आणि माणसाला काही केल्याचे समाधान मिळते. फॉगरचे तेच, शिवाय टाकीतले शिळे पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने थेट सापाच्या फुफ्फुसात पाठवण्याची सोय. आकड्याचा नाद सोडा म्हटले म्हणजे मोजू नका असे नाही. डायलचे मापक कित्येकदा १५-२० टक्के चुकीचे निघतात, त्यामुळे तारेच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल घ्या. एकाचे टोक थंड बाजूला जमिनीलगत, दुसऱ्याचे दमट लपणीत. ते खरे बोलतात का, हे तपासायला स्वयंपाकघरातले मीठ पुरते. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्याला थेंबाथेंबाने पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा, बूच आणि मापक हवाबंद पिशवीत शेजारी ठेवा आणि एक दिवस हात लावू नका. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६९ दाखवीत असेल तर पुढे त्याच्या प्रत्येक वाचनात ६ मिळवा. थंड बाजूला ५५ ते ७० आणि लपणीत ८० च्या वर, इतके दिसले की मापकाकडे दिवसातून एकदा पाहणे पुरे.

खरा फरक तुमच्या गावाच्या हवेने पडतो, त्यामुळे दुसऱ्या गावच्या मित्राची कृती जशीच्या तशी उचलू नका. मुंबईत किंवा पणजीत जुलैमध्ये खोलीतली हवा २८ अंशांवर ८५ टक्के असेल, तर तीच ३२ अंशांच्या टोकाला आपोआप ६८ टक्के होते. तिथे पाणी घालण्याचे काम आकाशाने केलेले असते. तुमचे काम उरते ते वारा खेळता ठेवण्याचे, थर अर्धा करण्याचे, बुरशी धरलेला भाग काढून टाकण्याचे आणि भांडे थंड बाजूला सरकवण्याचे. पावसाळ्यात कपाटात डांबरगोळ्या ठेवायची आपली सवय सापाच्या खोलीत नको. त्यांची वाफ त्याला विषारी आहे. वीज गेली की थंडी आणि ओल एकदम येते, म्हणून कोकणात सापासाठी इन्व्हर्टर चैनीचा समजू नये. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात प्रश्न उलटा. दुपारची हवा २० टक्क्यांच्या आसपास, आणि त्याहून मोठा धोका पेटी ३५ अंशांच्या पुढे जाण्याचा. खोलीत कूलर असेल तर तो हवा निववतो आणि ओलही देतो, तेव्हा सापापुरता तो एसीपेक्षा सोयीचा. एसी हवेतले पाणी काढून घेतो, त्यामुळे ती खोली असेल तर थराला पाणी दुप्पट वेळा लागेल. न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत हिवाळा काढणाऱ्यांचे गणित सर्वांत कठीण. बाहेरची शून्य अंशांची ८० टक्के आर्द्र हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की सुमारे २० टक्क्यांवर येते, आणि पेटीच्या गरम टोकाला तर १२ टक्क्यांच्या आत. घरातल्या स्वयंपाकाने, आंघोळीने त्यात थोडी भर पडते, एवढेच. तिथे पेटीत ओतण्यापेक्षा खोलीत एक ह्युमिडिफायर लावणे शहाणपणाचे. माणसांच्या फुटलेल्या ओठांनाही ते बरे.

व्यावसायिक पैदास करणारे कागद अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या खणांत शेकडो साप ठेवतात आणि त्यांची कात अखंड निघते, मग एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. पण तो खण म्हणजेच एक मोठी दमट लपण असते: बंदिस्त, ठेंगणी, मोजक्या छिद्रांची, आत पाण्याचे भांडे. तो चालतो तो कागदामुळे नव्हे, अडलेल्या हवेमुळे. तोच साप जाळीच्या झाकणाच्या काचेच्या पेटीत कागदावर ठेवा आणि फरक बघा. त्या पद्धतीत सापाला हिंडायला जागा आणि निवडीला वाव किती उरतो, हा वेगळा वाद आहे.

मांडणी जमली की नाही, याचा निकाल साप देतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासात शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी चिकट बुडबुडे दिसले तर मापकाशी खेळत बसू नका. पेटीची गरम बाजू योग्य तापमानावर आहे ना ते पाहा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहिला तर कोरडेपणा हे एक कारण झाले, पण आधी त्याच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडांना काळे, मोहरीहून लहान गोचीडसदृश किडे आहेत का पाहा, आणि पेटी फार तापली नाही ना तेही. लघवीतला पांढरा भाग कडक, पिवळा खडा होऊन पडत असेल तर पाणी कमी पडते आहे. कात मात्र दर वेळी पसरून नीट बघा. डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती एकसंध हवी, आणि दोन्ही डोळ्यांच्या जागी पारदर्शक टिकल्या दिसल्या पाहिजेत. अंगावर तुकडे राहिले असतील तर सापाला पाण्यात कोंबून ठेवू नका. त्याला कोमट ओल्या टॉवेलच्या घडीतून अर्धा तास हिंडू द्या, बहुतेक तुकडे घासून निघतात. डोळ्यावरची टिकली राहिली असेल तर ती चिमट्याने किंवा नखाने काढण्याचा मोह आवरा, खालच्या खऱ्या आवरणाला इजा झाली तर डोळा जाऊ शकतो. लपणीतले मॉस ताजे करा, झाकण आणखी झाका आणि पुढच्या कातीची वाट पाहा. बहुधा जुनी टिकली तिच्याबरोबर निघून येते. पुढच्या वेळीही ती तशीच राहिली, किंवा मधल्या काळात डोळा सुजला, तर पशुवैद्याकडे जाताना टाकलेली कात आणि दोन्ही मापकांच्या आठवड्याभराच्या नोंदी बरोबर घ्या.